पिठाचा कोंबडा, लाकडाचा नंदी आणि आपली सजावट



श्रावण संपत आला की आपल्या महिला मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो. "यंदा दशलक्षणाला नवीन काय करायचं?" मग दोघी-तिघी फोन काढतात, व्हिडिओ सुरू होतात, आणि अर्ध्या तासाने जे ठरतं ते गेल्या वर्षीचंच असतं. साटिनची फुलं, चमकीच्या झालरी, प्लास्टिकचं तोरण. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आली म्हणून थर्माकोल गेलं, पण त्याच्या जागी रंगीत फोम येऊन बसला. कुणाच्या हातात कला नाही असं नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी विधानाच्या मांडण्यावर चार-चार तास बसून रंगीत तांदळाची एकेक पाकळी भरतात. तरी "सुचत नाही" ही तक्रार आहेच.

माझं मत विचाराल तर दोन गोष्टी सांगेन. एक, सुचण्यासाठी फोनपेक्षा नागपूरच्या गल्ल्या जास्त उपयोगाच्या आहेत. दुसरी, आपले नियम कलेच्या आड येतात ही समजूत चुकीची आहे. पुरणपोळीला जसा पोळपाट लागतो तसे कलेला नियम लागतात. त्यांच्यावरच ती गोल होते.

आता गल्ल्यांकडे येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आपल्याकडे तान्हा पोळा असतो आणि त्याच दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते, असं सांगतात. काळीचा संबंध भोसले घराण्यातल्या, इंग्रजांना सामील झालेल्या बाकाबाईशी जोडला जातो. पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते आणि इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोन्ही मारबतींची भेट होते. तिथली गर्दी बघून आपल्यातल्या अनेक जणी त्या दिवशी खिडक्या लावून घेतात. पण त्या मिरवणुकीत मारबतींच्या मागे जे बडगे असतात ते नीट बघितलेत का कधी? बांबूचा सांगाडा, त्यावर गवत, रद्दी, जुने कपडे, वर रंगवलेलं तोंड आणि गळ्यात एक पाटी. त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याचा बडगा होतो. महागाईचा, खड्ड्यांचा, भ्रष्टाचाराचा. कुठल्या कलाशाळेत न गेलेली मोहल्ल्यातली पोरं तो उभा करतात, आणि बघणाऱ्याला पाटी वाचायच्या आधीच हसू येतं. नाक कुठे मोठं करायचं, पोट किती सुटलेलं दाखवायचं, हे त्यांना बरोबर कळतं.

इथून शिकायचं ते हे. बडगा करणारा आधी बाजारात जात नाही. आधी सांगायचं काय ते ठरवतो, मग घरात, गल्लीत जे पडलं आहे त्यातून ते उभं करतो. आपण उलटं करतो. आधी सामान आणतो आणि मग त्याचं काय करायचं ते शोधतो. म्हणून सगळ्या मंदिरांची सजावट सारखी दिसते.

यावर माझ्या एका जुन्या मैत्रिणीचा आक्षेप होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ती म्हणाली, "अगं, ते पुतळे शेवटी जाळतात. आपल्या श्वेतांबर बहिणींचं तर तेव्हा पर्युषण चालू असतं, साधारण त्याच दिवशी महावीर जन्मवाचन असतं. आपलं दशलक्षण चौथ्या दिवशी लागतं. आणि तू जाळायचे पुतळे बघायला सांगतेस?"

हा आक्षेप आपल्याच शास्त्रातून आलेला आहे. यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. वाईट स्वप्न पडलं म्हणून आईने बळी द्यायला सांगितला. राजा जिवंत प्राणी मारायला तयार झाला नाही, पण आईच्या शब्दाखातर पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. तेवढ्यावर माय-लेकांना मोर, कुत्रा असे तिर्यंच गतीतले जन्म घेत फिरावं लागलं. पुष्पदंतांचं "जसहरचरिउ" हे याच कथेचं अपभ्रंश काव्य. आपल्या विदर्भातल्या कारंज्याच्या नावाने निघालेल्या जैन ग्रंथमालेत ते १९३१ साली छापलं गेलं, डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाने. पोथ्या जपणाऱ्या त्या कारंज्याचं आपल्यावर केवढं ऋण आहे, यावर कधीतरी वेगळं लिहीन.

पिठाच्या कोंबड्यात जीव नव्हता, तरी मारण्याचा भाव होता, आणि कर्म भावाने बांधलं जातं. म्हणून मी मारबतीच्या आरोळ्यांत सामील होत नाही आणि दहन बघायला थांबत नाही. पण हीच कथा उलटी करून बघा. हाताने केलेल्या वस्तूला मारण्याच्या भावाने कर्म चिकटत असेल, तर हाताने केलेल्या वस्तूवर माया करण्याच्या भावाचं काय? त्याच दिवशी सकाळी आपली नातवंडं लाकडी नंदी सजवतात. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असं सांगतात. मोठ्यांचे बैल शेतातले, तर लेकरांना लाकडाचे. मूल त्या नंदीच्या शिंगांना रंग देतं, पाठीवर झूल टाकतं, दारोदार नेऊन बोजारा मागतं. रात्री कुणी पाय लावला तर रडतं. लाकडाच्या बैलाला दुखेल म्हणून रडणाऱ्या मुलाला अहिंसा वेगळी शिकवावी लागत नाही. जे पिठाच्या कोंबड्याने बिघडलं, ते लाकडाच्या नंदीने सुधारू शकतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी हाताच्या कामाला "टाइमपास" म्हणू देत नाही.

मैत्रिणीच्या आक्षेपाचं उत्तर आम्ही वादाने न देता हाताने दिलं. गेल्या दशलक्षणात पाठशाळेच्या मुलांना घेऊन आम्ही चार "बडगे" केले, चार कषायांचे. तत्त्वार्थसूत्रातल्या क्रमाने पहिले चार धर्म क्षमा, मार्दव, आर्जव आणि शौच. हे चार क्रोध, मान, माया आणि लोभ यांच्यासमोर उभे राहतात. तेव्हा चार दिवसांचे चार बडगे.

क्रोधाचं तोंड लाल कागदाचं आणि तोंडात कुकरची जुनी शिट्टी. मानाची मान एवढी लांब की तो सभागृहाच्या दारातून आत येईना, आडवा करून आणावा लागला. ते बघून मुलं जी हसली, त्यात मार्दवाचं अर्धं प्रवचन झालं. मायेला दोन तोंडं, पुढचं गोड, मागचं वेगळं. लोभाचं पोट म्हणजे बुरडाकडची मोठी टोपली आणि त्याला जुन्या हातमोज्यांचे दहा हात. पोट काही भरत नव्हतं, कारण एका मुलाने टोपलीचा तळच सैल करून ठेवला होता. ही कल्पना माझी नव्हे, त्या नऊ वर्षांच्या मुलाची.

जाळायचं मात्र काही नाही. प्रत्येक बडगा सुतळीने बांधलेला होता. उत्तम क्षमेच्या दिवशी क्रोधाच्या गाठी मुलांनी एकेक करून सोडल्या, दुसऱ्या दिवशी मानाच्या. बांधलेलं सोडवायचं, यालाच आपण निर्जरा म्हणतो ना? चौथ्या दिवशी सांगाडे सुटले, बांबूच्या काड्या मोळी बांधून ठेवल्या, शिट्टी घरी गेली, आणि लोभाच्या टोपलीला नवा तळ घालून घेतला. आता तिच्यात पाठशाळेची पुस्तकं असतात. आक्षेप घेणारी मैत्रीण मायेचं मागचं तोंड रंगवायला स्वतः बसली होती.

आता नियमांची गोष्ट. हे चार बडगे करताना प्रत्येक वस्तूपाशी आम्हाला थांबावं लागलं. चिकटवायला काय? सुतारकामातला सरस प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून येतो, म्हणून नको. मैद्याची खळ केली. पण चातुर्मासात रात्रीची ओली खळ सकाळी वापरायची नाही, म्हणजे जेवढं काम तेवढीच खळ, आणि दिवस मावळायच्या आत काम बंद. परिणाम काय झाला? चिकटवण्यापेक्षा बांधण्यावर भर गेला आणि त्यातूनच गाठी सोडवण्याची कल्पना निघाली. सरस चालला असता तर ती सुचलीच नसती.

हिरव्या पानांचं तोरण आपल्यातल्या पुष्कळ जणी चातुर्मासात लावत नाहीत. मग प्लास्टिकची पानं आणायची का? बांबूच्या पातळ कामट्यांची पानं विणता येतात, आणि वर्षानुवर्षं टिकतात. फक्त पावसाळ्यात बांबू घेताना भोकं पडलेला, भुकटी सांडणारा घ्यायचा नाही, त्यात कीड असते. बुरडीण मावशी हे आपल्याआधी ओळखतात. त्यांना विचारायचं.

रेशमाचं तर घरोघरी ठाऊक आहे. भंडाऱ्याचा टसर हा विदर्भाचा अभिमान. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेले त्याचे कोष. त्या साडीचा करवतीच्या दातांसारखा काठ बघितला की नजर हटत नाही. पण अखंड धागा काढायचा तर आतल्या जिवासकट कोष उकळतात, हेही खरं. मग विणकराकडे पाठ फिरवायची का? मी म्हणते, काठ बघा, मापं बघा, रंग बघा. करवतकाठी साडीचं अंग टसरचं असलं तरी काठ सुताचा असतो. तोच दातेरी काठ सुती कापडावर भरतकामात घेऊन पोथीच्या वेष्टनाला लावता येतो. मी चार वेष्टनं अशी केली आहेत. कोणी विचारलं की त्या काठाचं नाव आणि गावही सांगते. कोष फोडून पतंग निघून गेल्यावर उरलेल्या कोषाचं सूत काततात, त्याला अहिंसा रेशीम म्हणतात. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी ते नावारूपाला आणलं. तेही चालेल का, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या साधू-साध्वींना विचारावा. मी सुतावर समाधानी आहे.

रंगांचंही तसंच. लाखेचा लाल रंग किड्यापासून येतो, तशीच लाखेची बांगडी. ढोकऱ्याच्या पितळी मूर्ती ओतताना मेणाचा साचा लागतो आणि परंपरेने ते मेण मधमाश्यांचं असतं. हे कळल्यावर "मग उरलं काय?" असं वाटतं. उरलं ते स्वयंपाकघरात बघा. हळद, डाळिंबाची सालं, हरडा, काजळी, गेरू. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. तिथे वनस्पतींच्या रंगांत रंगवलेली खादी बघायला मिळते. डाळिंबाच्या सालीचा तो पिवळा बघितला की चमकीचा कागद डोळ्यांना टोचायला लागतो. आम्ही गेल्या वर्षी मांडण्याचे तांदूळ हळद, पालकाचा रस आणि बिटाने रंगवायला निघालो होतो. एका काकूंनी लगेच आठवण दिली, "बीट कंदमूळ!" मग लालसाठी गेरू घेतला. तो लाल बिटापेक्षा कितीतरी शांत दिसला. हेच मी म्हणते, नियमाने अडवलं आणि हाताने चांगलं शोधलं.

बघायला जायची ठिकाणं दूर नाहीत. महालातली चितारओळ तर आपल्याच गावात. गणपतीच्या आधी महिनाभर जा, माती मळण्यापासून डोळे काढण्यापर्यंत सगळं रस्त्यावर उभं राहून दिसतं. डोळे काढताना कारागीर श्वास कसा धरतो ते बघा, मग मांडण्यातली बारीक रेघ ओढताना आपोआप आठवतं. सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. हिवाळ्यात त्यांचा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो, देशभरातले कारागीर येतात, आणि बरेच जण तिथेच बसून काम करतात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. आणि भद्रावती तर आपल्या यात्रेतलंच गाव. केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला नागपूरच्या बस भरभरून जातात. दर्शन, पूजा, भोजनशाळा आणि परत. पण त्याच गावात गांधीविचाराच्या कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभा केलेला ग्रामोदय संघ आहे, कुंभारकामासाठी नावाजलेला. यात्रेच्या कार्यक्रमात तासभर त्यासाठी ठेवायला कुठलं शास्त्र आड येतं?

आता हिशेबाचं बोलते. बी.कॉम. झाल्याचा हा एक दोष, कलेतही मला वही दिसते. समजा मंडळात दीडशे घरं आहेत आणि दहा दिवस प्रभावना वाटायची आहे, प्रत्येक वेळी चाळीस रुपयांची वस्तू. एका दिवसाचे सहा हजार, दहा दिवसांचे साठ हजार. त्यात आपण काय वाटतो? प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, जे आधीच प्रत्येकीच्या माळ्यावर वीस-वीस पडलेत. दहापैकी दोन दिवस जरी आपण आपल्या भागातल्या हाताच्या वस्तूंना दिले, बुरडाच्या छोट्या टोपल्या, सुती बटवे, तर बारा हजार रुपये थेट कारागिरांच्या घरी जातात.

आणि घासाघीस. आपल्या समाजाला व्यवहाराचा अभिमान आहे, तो असावाच. पण मी एका बुरडीण मावशीला विचारलं होतं, दिवसात किती टोपल्या होतात. बांबू फोडून तयार असला तर पाच, म्हणाल्या. साठ रुपयांना एक म्हणजे तीनशे. त्यातून बांबूचे साठ-सत्तर गेले, न विकलेल्या एका टोपलीचे साठ गेले, उरले पावणेदोनशे. आता आपण जेव्हा साठची टोपली चाळीसला मागतो, तेव्हा ते वीस रुपये नफ्यातून जात नाहीत, कारण नफा नाहीच. ते मजुरीतून जातात. श्रावकाच्या अणुव्रतांत अचौर्य आहे. दुसऱ्याच्या कष्टाचं मोल कापणं त्याच्या किती जवळ जातं, याचा विचार ज्याने त्याने करावा. मी आता टोपलीला भाव करत नाही. सोनं घेताना मात्र करते, तिथे सोनाराला परवडतं.

शेवटचा प्रश्न अपरिग्रहाचा, आणि तो रास्त आहे. "मेळ्याला गेलो की पिशव्या भरून येतो, हा परिग्रहच की." खरं आहे. म्हणून मी स्वतःला एक मर्यादा घातली आहे. मेळ्यात एकच वस्तू विकत घ्यायची, आणि एक गोष्ट शिकून यायची. शिकलेली गोष्ट माळ्यावर जागा घेत नाही. आपला मांडणा तरी काय सांगतो? चार तासांची मेहनत, दोनशे-अडीचशे कोष्टकं भरायची, विधान झालं की हाताने सगळं गोळा करायचं. कोणी हळहळत नाही. करण्यात जे मिळायचं ते मिळालेलं असतं. बडगा करणाऱ्या पोरालाही हे माहीत असतं, त्याचंही काम संध्याकाळपर्यंतच असतं. दोघांचीही वस्तू ठेवायची नाही, म्हणूनच कदाचित हात मोकळा चालतो.

तेव्हा यंदाच्या बैठकीसाठी माझे तीन प्रस्ताव आहेत. सामानाच्या यादीआधी विषय ठरवावा, दहा धर्मांपैकी एकच घेतला तरी चालेल. प्रभावनेचे दोन दिवस हाताच्या वस्तूंना द्यावेत आणि भाव न पाडता द्यावेत. आणि पाठशाळेच्या मुलांना एखाद्या रविवारी चितारओळीत घेऊन जावं. सोबत वही-पेन्सिल द्यावी, फोन मोठ्यांनीही पर्समध्येच ठेवावा. विरोध असेल तर बैठकीत जरूर बोला. वाद घालता घालता हात कामाला लागले की काय होतं, ते आम्ही गेल्या वर्षी बघितलं आहे.

जय जिनेंद्र.